चाक मध्ये आले, पण कोन कुठे गेला?



इयत्ता नववीतल्या एका वाचकाचा प्रश्न माझ्यासमोर आहे. त्याच्या मामाकडे डोंगरातल्या वाटांवर नेण्याजोगी फोर-व्हील गाडी आहे. मामाने तिला उंच स्प्रिंगा बसवून घेतल्या. गाडी ऐटदार दिसू लागली, पण मागची चाके मडगार्डाखालच्या पोकळीत पुढे सरकल्यासारखी दिसत होती. मग मिस्त्रींनी मागचे आर्म बदलून थोडे लांब आर्म घातले आणि चाके पुन्हा पोकळीच्या मधोमध आली. हा वाचक विचारतो, "आता सगळे ठीक झाले असे मामा म्हणतो. मग घाटातल्या वळणावर गाडीची शेपटी बाहेर जाऊ पाहते, असे मला मागच्या सीटवर बसून का वाटते?"

प्रश्न फार चांगला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. भाच्याला वाटते ते बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. मामाने जे बदलले ते डोळ्यांना दिसणारे होते. जे बदलायला हवे होते ते डोळ्यांना सहज दिसत नाही, ते मोजावे लागते. गाडीत फेरबदल करणाऱ्या हौशी मंडळींशी माझे भांडण नाही. यंत्र उघडून पाहण्याची हौस ही विज्ञानाची पहिली पायरी आहे. माझी तक्रार एवढीच आहे की, बाजारात लांब आर्म विकत मिळतो, पण त्याच्याबरोबर त्याचा हिशेब मिळत नाही. तो हिशेब आठवी-नववीच्या भूमितीत बसणारा आहे. तो आज आपण करू.

दांडा कशाला हवा?

मराठीत निलंबन म्हटले की आपल्याला कामावरून दूर केलेला माणूस आठवतो, म्हणून आपण गॅरेजमधला सस्पेन्शन हाच शब्द ठेवू. गाडीचे धूड आणि चाके यांच्यामधली ही लवचीक जोडणी. तिला दोन कामे असतात. एक, गाडीचे वजन पेलणे आणि धक्का गिळणे. दुसरे, आस, म्हणजे मिस्त्री ज्याला ॲक्सल म्हणतात तो, आपल्या जागी धरून ठेवणे.

१९४१ सालच्या विलीज जीपमध्ये ही दोन्ही कामे एकच वस्तू करीत असे. ती म्हणजे पोलादी पाट्यांची कमान. पाटे एकावर एक रचून मध्यभागी आसाला आवळलेले आणि दोन्ही टोके चासीला अडकवलेली. कमान वजन पेलते आणि आसाला पुढेमागे किंवा आडवे सरकूही देत नाही. हीच जीप १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने जुळवायला घेतली आणि आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत ती ओळखीची झाली. मारुतीची जिप्सीही पाट्यांवरच उभी असे.

पाटे मजबूत खरे, पण ताठ. एक चाक दगडावर चढले की दुसरे हवेत तरंगू लागे. चाक हवेत गेले की काय होते? साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. हवेतल्या चाकाला विरोध करणारी जमीनच नसल्याने ते नुसते गरगर फिरते, आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच क्षुल्लक पीळ मिळतो. गाडी अडकते. म्हणून खडकाळ वाटेवर सगळी चाके जमिनीला टेकलेली राहणे फार महत्त्वाचे असते.

गुंडाळीची स्प्रिंग, म्हणजे कॉइल स्प्रिंग, पाट्यांपेक्षा चाकाला जास्त वरखाली जाऊ देते. १९७० मध्ये आलेल्या ब्रिटनच्या रेंज रोव्हरने चारही चाकांवर कॉइल स्प्रिंगा आणि तरीही पुढेमागे अखंड आस, अशी रचना केली. अमेरिकेतल्या जीप रँग्लर गाडीने १९९६ मध्ये पाटे सोडून हीच वाट धरली. आपल्याकडे २०२० च्या महिंद्रा थारच्या मागच्या अखंड आसावर कॉइल स्प्रिंगा आहेत.

पण कॉइल स्प्रिंग आसाला जागेवर धरू शकत नाही. उभ्या ठेवलेल्या स्प्रिंगला बोटाने आडवे ढकला. ती लगेच कलंडेल. म्हणून आसाला धरायला वेगळे दांडे लागतात. हेच ते आर्म. मागच्या दांड्याचे पुढचे टोक चासीला आणि मागचे टोक आसाला जोडलेले असते. दोन्ही टोकांना रबरी बुश असतो, त्यामुळे दांडा बिजागरीसारखा वरखाली हलू शकतो. बहुतेक गाड्यांत दोन दांडे आसाच्या खालच्या अंगाला, दोन वरच्या अंगाला, आणि आसाला डावीउजवीकडे सरकू न देणारा एक आडवा दांडा असतो. गाडी पुढे जाते ती या दांड्यांमुळे. चाके आसाला पुढे ढकलतात आणि आस खालच्या दांड्यांमार्फत सगळ्या गाडीला पुढे लोटतो.

कंपासने काढलेला कंस

आता वही आणि कंपास घ्या. दांड्याचे पुढचे टोक चासीला खिळलेले आहे, म्हणून मागचे टोक वरखाली जाताना सरळ रेषेत जाऊच शकत नाही. ते कंसावरून जाते. दांडा आडवा असताना मागचे टोक सर्वांत मागे असते. तिथून ते वर जावो की खाली, थोडे पुढे सरकणारच.

किती सरकते ते पायथागोरस सांगतो. दांड्याची लांबी कर्ण, चाक खाली गेलेले अंतर एक भुजा, आणि टोकाचे आडवे अंतर दुसरी भुजा. दांडा ४० सें.मी. लांब धरू आणि सपाट रस्त्यावर तो आडवा आहे असे मानू. चाक १० सें.मी. खाली गेले, तर आडवे अंतर १५०० चे वर्गमूळ, म्हणजे ३८.७३ सें.मी. होते. आस १.२७ सें.मी. पुढे सरकला. चाक २० सें.मी. खाली गेले, तर आडवे अंतर १२०० चे वर्गमूळ, म्हणजे ३४.६४. आस ५.३६ सें.मी. पुढे!

इथे जरा थांबा. खाली जाण्याचे अंतर दुप्पट झाले, पण पुढे सरकणे चौपटीहूनही थोडे जास्त वाढले. पहिल्या १० सें.मी.ला सव्वा सेंटिमीटर, आणि पुढच्या १० सें.मी.ला चार सेंटिमीटरांहून अधिक. कंसाचा स्वभावच असा आहे. आडव्या दांड्याजवळ तो जवळजवळ उभ्या रेषेसारखा वागतो. दांडा जसजसा तिरपा होतो तसतसा कंस आपले खरे रूप दाखवतो.

गाडी उंच करणे म्हणजे काय, ते आता लक्षात येईल. १० सें.मी. उंच स्प्रिंगा घातल्या की गाडीचे धूड वर गेले, पण आस जमिनीपासून होता त्याच उंचीवर राहिला. म्हणजे दांड्याच्या दृष्टीने आस कायमचा १० सें.मी. खाली गेला. पूर्वी आडवा असणारा दांडा आता गाडी नुसती उभी असतानाही सुमारे १४.५ अंश कललेला असतो. चाक पुढे सरकलेले दिसते ते त्या १.२७ सें.मी.मुळे. आता खड्ड्यात चाक आणखी १० सें.मी. खाली गेले की दांडा ३० अंशांवर पोहोचतो.

वळणावर काय होते?

घाटातल्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते. बाहेरचे चाक धुडाच्या तुलनेने वर जाते, आतले खाली येते. समजा दोन्ही ५-५ सें.मी. हलली.

मूळ गाडीत दांडा आडवा होता. एक टोक ५ सें.मी. वर गेले, दुसरे ५ सें.मी. खाली आले. दोन्ही टोके सारखीच पुढे सरकली. आस पूर्वीसारखाच गाडीला काटकोनात राहिला. काही बिघडले नाही.

उंच केलेल्या गाडीत दांडा मुळातच १० सें.मी. खाली कललेला आहे. बाहेरच्या चाकाचा दांडा आता ५ सें.मी.वर येतो आणि आतल्याचा १५ सें.मी.वर जातो. आडवी अंतरे काढा: एक ३९.६९, दुसरे ३७.०८. फरक २.६१ सें.मी. म्हणजे बाहेरचे चाक मागे गेले, आतले पुढे आले आणि अख्खा आस तिरपा झाला. दोन चाकांमध्ये १४० सें.मी. अंतर धरले, तर हा तिरपेपणा एक अंशाहून किंचित जास्त भरतो. आता कागदावर चित्र काढून पाहा. गाडी डावीकडे वळत असेल, तर मागच्या चाकांची तोंडे उजवीकडे वळलेली दिसतील. चालकाने स्टिअरिंग डावीकडे फिरवले आहे आणि मागचा आस आपल्या मनाने उजवीकडे वळतो आहे! शेपटी बाहेर जाऊ पाहते ती अशी.

एक अंश म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. पण नेहमीच्या वळणावर टायर ज्या कोनाने तिरपा घासत पुढे जातो तो कोनही काही थोड्या अंशांचाच असतो. त्यात एक अंशाची भर म्हणजे मोठा वाटा झाला. कोरड्या सपाट रस्त्यावर तो चालकाच्या हाताला जाणवणारही नाही. पावसात, उतारावर, समोरून एस.टी. येत असताना अचानक स्टिअरिंग वळवावे लागले, की तोच अंश हिशेब मागतो.

वरचे दांडे आणि आडवा दांडा हिशेबात धरले की आकडे थोडे बदलतील. प्रत्येक गाडीची मापेही वेगळी असतात. पण दिशा तीच राहते.

तीन इलाज

आता मामाच्या मिस्त्रींनी केलेला इलाज तपासू. चाक मधोमध यायला दांडा किती लांब हवा? १० सें.मी. खाली कललेला असताना आडवे अंतर पुन्हा ४० सें.मी. यावे, तर लांबी १७०० चे वर्गमूळ, म्हणजे ४१.२३ सें.मी. हवी. सव्वा सेंटिमीटरने दांडा लांबवला आणि चाक मध्ये आले. आता याच दांड्याने वळणाचा हिशेब करा. बाहेरचे आडवे अंतर ४०.९३, आतले ३८.४१. फरक २.५२ सें.मी. आधी २.६१ होता, आता २.५२. म्हणजे चाक दिसायला सरळ झाले, पण वळणावरचा दोष जवळजवळ जसाच्या तसा राहिला. दुखरे चाक होते असे आपल्याला वाटले. दुखत होता तो कोन.

दुसरा इलाज म्हणजे दांडा खरोखरच लांब करणे. अमेरिकेत खडकांवरून गाड्या चढवण्याचा छंद मोठा आहे. कॅलिफोर्नियातली रुबिकॉनची वाट आणि युटा राज्यातल्या मोॲबचे खडक त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथले छांदिष्ट रँग्लरचे आखूड दांडे काढून बरेच लांब दांडे बसवतात. त्याचे तयार संच विकत मिळतात. ८० सें.मी.चा दांडा धरला, तर १० सें.मी. उंच केलेल्या गाडीत त्याचा कल ७ अंशांच्या आसपासच राहतो. वळणावरचा फरक १.२६ सें.मी., म्हणजे आधीच्या निम्मा. चाक २० सें.मी. खाली गेले तरी आस फक्त २.५४ सें.मी. पुढे येतो.

लांब दांड्याचा आणखी एक फायदा आहे. दांडा तिरपा असला की त्याचा रेटा नुसता पुढे जात नाही, त्यातला काही वर जातो. १४.५ अंशांवर पुढच्या रेट्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा रेटा गाडीला वर उचलू पाहतो. ३० अंशांवर निम्म्याहून जास्त. खडकावर चढताना गाडीचे मागचे अंग वर उचलले जाते, चाक दाबले जाते, मग सुटते, आणि गाडी बेडकासारख्या उड्या मारू लागते. दांडा आडवा होत जाईल तसे हे कमी होते. तेव्हा लांब दांडा हे नुसते मिरवणे नाही. त्यात खरी भूमिती आहे.

तिसरा इलाज सर्वांत साधा. दांड्याची लांबी तीच ठेवायची, पण त्याचे चासीवरचे टोक एका मजबूत ब्रॅकेटने १० सें.मी. खाली आणायचे. दांडा पुन्हा आडवा झाला. वळणावरचा दोष गेला. मात्र तो ब्रॅकेट गाडीच्या पोटाखाली लोंबतो. उंची मिळवण्यासाठी सगळा खटाटोप केला, आणि त्या ठिकाणी ती गमावली. शिवाय दांड्याचा सगळा रेटा आता चासीपासून १० सें.मी. खाली बसतो आणि ब्रॅकेटला तरफेसारखा मुरगळतो.

लांब दांड्याची किंमत

मग कारखान्यातच लांब दांडा का घालत नाहीत? कंपनीचे इंजिनिअर अडाणी असतात, असे गॅरेजच्या बाकावर बसून म्हणणे सोपे आहे. पण गाडीच्या पोटाखाली इंधनाची टाकी आहे, धुराडे आहे, चासीचे आडवे तुळवे आहेत, वर माणसांच्या पायांची जागा आहे. लांब दांड्याचे पुढचे टोक गाडीच्या मध्याजवळ येते, आणि उंचवट्यावरून जाताना खडक पहिल्यांदा लागतो तो तिथेच.

शिवाय दांडा लांब झाला की तो अशक्तही होतो. तुमच्या वहीजवळची लाकडी पट्टी दोन्ही टोकांनी दाबा. ती मध्ये फुगून वाकेल. अर्धी पट्टी तशी दाबा. खूप जास्त जोर लागेल. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये दाखवून दिले की, असा लांब दांडा ज्या दाबाला वाकतो तो दाब लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी दुप्पट, तर ताकद पाव. गाडी पुढे जाताना खालचे दांडे नेमके दाबाखालीच असतात. जाड पोलादी दांडा सहसा नुसत्या दाबाने वाकत नाही हे खरे, पण मध्यावर खडक आपटला तर दुप्पट लांब दांड्याला वाकवणारा आघूर्णही दुप्पट होतो. म्हणून लांब दांडा जाड नळीचा करावा लागतो. पोकळ नळी का, हे बांबूकडे पाहून कळेल. जाड नळी म्हणजे वजन, आणि त्यातले निम्मे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकाबरोबर उसळणारे.

आणखी एक गोष्ट. चारपैकी फक्त खालचे दोन दांडे लांबवले आणि वरचे तसेच ठेवले, तर आस स्वतःभोवती फिरतो. वरच्या आणि खालच्या जोडांत १५ सें.मी. अंतर असेल, तर सव्वा सेंटिमीटरच्या वाढीने तो पावणेपाच अंशांच्या आसपास फिरेल आणि त्याचे पुढचे तोंड, जिथे प्रॉपेलर शाफ्ट जोडलेला असतो, खाली झुकेल. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे असले, तर एकाने केलेली गतीतली कमीजास्त दुसरा भरून काढतो. ते कोन बिघडले की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकच्या रबरी नळीचेही तसेच. चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जाऊ लागले आणि नळी जुन्याच लांबीची राहिली, तर ती ताणली जाते. ती तुटली तर काय होईल ते सांगायला नको.

आणि एक दोष असा आहे, की जो कोणताही दांडा दुरुस्त करू शकत नाही. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो. दोन चाकांतल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडी उलटायला किती नाखूश आहे याचा एक साधा आकडा मिळतो. निम्मे अंतर ७० सें.मी. आणि उंची ७० सें.मी. असेल तर तो १. उंची ७९ झाली तर तो ०.८९. दांडा आखूड असो की लांब, हा आकडा हलत नाही.

"आमचे तर काही बिघडले नाही!"

या सगळ्यावर हौशी मंडळींचे एक उत्तर ठरलेले असते: आमच्या गाडीला दोन वर्षे झाली, काही झाले नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण पुरेसे नाही. लांब दांडे बसवायचे म्हणजे चासीवर नव्या जागी ब्रॅकेट जोडावे लागतात, बहुधा वेल्डिंग करून. वेल्डिंगच्या कडेला पोलाद तापून निवलेले असते आणि तिथे ताण एकवटतो. एका धक्क्याने ते तुटत नाही. लाख धक्क्यांनी तिथे केसाएवढी भेग सुरू होते आणि मग हळूहळू आत शिरते.

हा धडा रेल्वेने फार महागात शिकवला. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि त्या अपघातात पन्नासाहून अधिक माणसे गेली. तो आस काही त्या दिवशी पहिल्यांदा फिरला नव्हता. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलर या इंजिनिअरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि दाखवले की, एकदा सहज पेलणारा भार पुन्हा पुन्हा दिला तर धातू थकतो. "आजपर्यंत तुटले नाही" हे वाक्य धातूच्या बाबतीत "उद्या तुटणार नाही" याची हमी देत नाही. अनेकदा ते फक्त धक्क्यांची मोजणी चालू आहे एवढेच सांगते.

कायदाही या बाबतीत मोकळीक देत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेशी विसंगत बदलांच्या विरोधात निर्णय दिला. काहींना हा जाच वाटतो. मला तो तसा वाटत नाही. बंदिस्त मैदानावर आपल्या जिवावर प्रयोग करणारा माणूस आणि घाटरस्त्यावर इतरांच्या शेजारून जाणारा माणूस, यांत फरक आहे. रस्ता सगळ्यांचा असतो. वळणावर शेपटी बाहेर गेली, तर ती समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या बाजूला जाऊ शकते, आणि त्याने ते दांडे निवडलेले नसतात.

तरीही, "कायद्याने मनाई आहे, विषय संपला" असे तुम्हाला सांगणे मला पसंत नाही. मनाईने भूमिती कळत नाही. तंत्रनिकेतने आणि आय.टी.आय. यांनी अशी एखादी गाडी उभी करून मुलांना दांड्यांचे कोन मोजायला लावावेत. आणि जो कोणी लांब दांडे विकतो, त्याने खोक्यावर चकचकीत चित्राऐवजी एक लहानसे कोष्टक छापावे: गाडी किती उंच केली तर दांड्याचा कल किती अंश, चाक पूर्ण खाली गेल्यावर किती अंश, आणि वळणावर आस किती तिरपा. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असते. इथेही ती लिहायला काय हरकत आहे?

करून पाहा

जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा: एक १० सें.मी.ची, दुसरी २० सें.मी.ची. ही आपल्या ४० आणि ८० सें.मी.च्या दांड्यांची चौथ्या हिश्श्याची नक्कल झाली. लांबी एका टोकाच्या टाचणीपासून दुसऱ्या टोकाच्या पेन्सिलीच्या भोकापर्यंत मोजा. भिंतीवर मोठा कागद लावा, पट्टीचे एक टोक टाचणीने खिळा, दुसऱ्या टोकाच्या भोकात पेन्सिल घालून कंस काढा. आडव्या जागेपासून २.५ सें.मी. आणि ५ सें.मी. खाली पेन्सिल किती आत सरकली ते मोजा. आखूड पट्टीने सुमारे ३ मिलिमीटर आणि १३ मिलिमीटर यायला हवेत. लांब पट्टीने साधारण दीड आणि साडेसहा मिलिमीटर. तुमचे आकडे थोडे चुकले तर टाचणीचे भोक सैल आहे का पाहा. खऱ्या गाडीतही बुश झिजला की हिशेब असाच चुकतो.

भाच्याने आता काय करावे? मामाशी वाद घालू नये. त्याने हा कंस काढलेला कागद मामासमोर ठेवावा. मग गाडी सपाट जागी उभी असताना मिस्त्रींच्या हजेरीत, गाडीखाली न शिरता, बाजूने दांड्याला कोनमापक आणि ओळंबा लावून त्याचा कल मोजावा. कल थोड्याच अंशांचा निघाला, तर मामाचे अभिनंदन करावे आणि शेपटीचे कारण टायरच्या हवेत किंवा झिजलेल्या बुशात शोधावे. पंधरा अंशांच्या आसपास निघाला, तर जुन्या स्प्रिंगा आणि जुने दांडे बहुधा अजून गॅरेजच्या माळ्यावर पडलेले असतील. ते परत बसवायला लागणारा वेळ एका रविवारचा. मामाला कमीपणा वाटायचे कारण नाही. मोजल्यावर मत बदलणे हा प्रयोगशाळेतला नेहमीचा शिरस्ता आहे.

कल किती निघाला ते मला जरूर कळवा.